मिक्त्लानची नदी

योगिता सुरतच्या प्रिंटिंग मिलमध्ये डिझाइनर. टी-शर्टवर छापायचा हाडांचा सापळा तिने जेवता जेवता वडिलांना, धुडकूआबांना, मोबाइलवर दाखवला.

"आबा, हाऊ मेक्सिकोना जुना यम शे, मिक्त्लानतेकुत्ली! याना गावले, मिक्त्लानले, जातांना मोठी नदी लागस. आपला पाळेल कुत्राच आपले पार लई जास."

आबांचा घास तोंडातच फिरू लागला. नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालणार नव्हता, म्हणून टिप्याला त्यांनी गुपचूप बारडोलीच्या उसात नेऊन सोडलं होतं. योगिताला सांगितलं, पळून गेला.

त्याआधी एकदा तापीपलीकडे सोडला होता, तर संध्याकाळच्या आत पठ्ठ्या नदी पोहून, ओलाचिंब, दारात शेपटी हलवत उभा!