बारावं पिंप

"बारावं जरा नीट बघा हं," वाइन उपसायचा पंप चालवणारे काका म्हणाले. "भरण्याआधी धुतलं तेव्हा आतली एक फळी ओलसर वाटली होती मला."

मुंगीने मान डोलावली आणि हातातला पेला उगाच पुन्हा एकदा पुसला.

भिंतीशी अठरा लाकडी पिंपं आडवी मांडली होती. दोन वर्षं त्यांच्यात वाइन मुरत होती. तिची आणि ढापण्याची, स्वतःची अशी पहिलीच. आज जी पिंपं पास होतील ती सगळी एका टाकीत ओतायची होती. त्यातल्या एकाच्या जरी लाकडाला कुबट वास लागलेला असला, तरी टाकीभर वाइन मातीमोल. आंबटपणा यंत्राला कळतो. कुबटपणाला नाकच लागतं.

आणि मुंगीला नाक उरलं नव्हतं.

हे नाव तिला शाळेत पडलं ते या नाकामुळेच. कुणाच्या डब्यात काय आहे ते ती झाकण उघडायच्या आत सांगायची. बाकावर शेजारी बसणारा ढापण्या तिच्या जिवावर वर्गात पैजा जिंकायचा. पुढे दोघं एकाच कॉलेजात वाइन करायला शिकले, दुसऱ्यांकडे राबले, आणि शेवटी हे गोदाम भाड्याने घेऊन उभे राहिले.

चार महिन्यांपूर्वी तिच्या घरी एकामागून एक सगळे तापाने आडवे झाले. ढापण्या रोज औषधं आणून द्यायचा. सगळ्यांचा ताप उतरला. तिचा उतरला तो वास घेऊन गेला. एके सकाळी सासूबाई ओरडल्या, "अगं, दूध नासलंय! वास येत नाही का तुला?" बाळाच्या ओठांशी नेलेली बाटली तिने झटक्यात मागे घेतली. तेव्हापासून ती प्रत्येक डब्यावरची तारीख वाचायची, गॅसचं बटण पुन्हा पुन्हा चाचपायची. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि ढापण्याला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. ज्या नाकावर हा सगळा डोलारा उभा, तेच नाही म्हणायचं?

"मुंगे, सुरू करायचं?" ढापण्याने नळीने पहिल्या पिंपातली वाइन काढून दोन पेल्यांत ओतली.

नियम शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. सर म्हणायचे, आधी लिहा, मग बोला. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर बरोबर किंवा फुली करायची आणि एकदम उलटून दाखवायची. दोन्हीकडे बरोबर असेल तरच पिंप पास.

मुंगीने पेल्यात नाक घातलं. काचेचा गारवा लागला, बाकी शून्य. मग तिने पापण्यांच्या आडून ढापण्याकडे बघितलं. त्याच्या पोटातलं ओठावर येत नसे, पण कपाळावर आल्याशिवाय राहत नसे. कपाळ सपाट होतं. तिने बरोबरची खूण केली.

त्यानेही.

तोही मधूनमधून तिच्याकडे बघत होता. बाळंतपणानंतर सगळेच तिच्याकडे असं बघायचे, आत्ता पडते की मग, अशा नजरेने.

सातव्या पिंपाला खिशातला फोन थरथरला. बाळाचं काही असेल का, या विचाराने ती क्षणभर थबकली. तेवढ्यात ढापण्याच्या कपाळावर आठी दिसली. तिने मुकाट्याने फुली मारली. चिठ्ठ्या उलटल्या. दोन फुल्या.

"बघा!" काका खूश झाले. "याला म्हणतात जोडी. नवरा-बायकोचंसुद्धा इतकं जुळत नाही."

"जुळलं असतं तर लग्न कशाला केलं असतं?" ढापण्या म्हणाला. मुंगी हसली. तिच्या छातीवरचा धोंडा थोडा हलका झाला.

अकराव्यानंतर ढापण्याने कॉफीसाठी दूध तापत ठेवलं. दोघं दाराशीच बोलत उभे राहिले. एकदम काका आतून धावत आले.

"अहो, पातेलं करपून कोळसा झालं! नाकं काय नुसती चष्मा टेकवायला ठेवलीत?"

मुंगीने ढापण्याकडे चोरून बघितलं. आता विचारणार. पण ढापण्या घाईने म्हणाला, "माझंच चुकलं. बोलण्याच्या नादात राहिलं." त्याने पातेलं पाण्याखाली धरलं आणि विषय मिटवला. सांभाळून घेतलं आपल्याला, असं तिला वाटलं, आणि जास्तच लाज वाटली.

मग बारावं. काका हाताची घडी घालून उभे राहिले. ढापण्याने पेला बराच वेळ नाकाशी धरला. मुंगीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिची नजर त्याच्या कपाळावर खिळली होती. एक रेघसुद्धा नाही.

दोन्ही चिठ्ठ्यांवर बरोबर.

"मग माझाच भ्रम असेल," काका म्हणाले. "मला कुठे त्यातलं कळतंय! मला सगळी वाइन सारखीच."

सतरा पिंपं पास झाली. दुपारभर पंप घरघरत राहिला. एकेक पिंप टाकीत रिकामं झालं, शेवटचं गुळगुळ करून थांबलं. काका हात धुवायला गेले.

टाकीला टेकून मुंगीने मोठा श्वास सोडला. आता सांगायला हरकत नव्हती. सगळं नीट पार पडलं होतं.

"ढापण्या, रागावू नकोस. त्या तापानंतर मला कशाचाच वास येत नाही. बाळाच्या टाळूचासुद्धा नाही. आज सकाळपासून मी एकही पिंप हुंगलेलं नाही रे. तुझ्या चेहऱ्याकडे बघून लिहिलं सगळं."

ढापण्याने चष्मा काढला, टाकीकडे बघितलं, आणि हळूच पायरीवर बसला.

"मुंगे," तो म्हणाला, "मी तुझ्याकडे बघून लिहीत होतो."