लाल चिंधी

जवळा गावच्या बाजारात आजारी कोंबडी विकायला बंदी होती. तपासणीचा दारोगा दर बाजारी आमच्या शेजारच्या खुर्शीदबीची धडधाकट कोंबडी ‘बिमार’ ठरवायचा. तिच्याच लाल ओढणीची चिंधी फाडून कोंबडीच्या पायात खूण बांधायचा आणि पुरायला म्हणून घरी न्यायचा. खुर्शीदबी रडायची, बाजार आपला चालू राहायचा.

एकदा दारोग्याच्या लेकीची सोयरीक ठरवायला पाहुणे आले. ताटांत रस्सा वाढला, तेवढ्यात खुर्शीदबी दारात उभी राहिली.

“काहून आलीस?” दारोगा गुरकावला.

“तकलीफ देत न्हाई, साहेब. ओढणी शिवायची हाय. माझ्या बिमार कोंबड्या शिजवल्या ना? त्यांच्या पायातल्या चिंध्या तेवढ्या नेते.”

पाहुणे ताटावरून उठले, तेव्हा ती अंगणातल्या पिसांमधून एकेक चिंधी सावकाश वेचत होती.