हात कुणाचा

उद्याच्या परीक्षेसाठी डॉ. शलाका अपघात विभागातच वाचत बसली होती. पुस्तकातलं रुग्णाच्या संमतीचं प्रकरण अर्धं वाचून झालं, तेवढ्यात वनिता नावाच्या बाईला तिच्या नवऱ्याने आणलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात चेंगरलेली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. सूज मनगटाच्या वर चढली होती.

"बोटं आत्ताच काढावी लागतील," शलाका म्हणाली.

"काढायची नाहीत," नवरा म्हणाला. "नुसती पट्टी करा."

"थांबलो तर हात जाईल, कदाचित जीवही. आत्ता काढली तर शंभरातल्या नव्वद जणांचा हात वाचतो."

"आणि उरलेले दहा?"

"त्यांची खात्री मी देऊ शकत नाही."

"मग नकोच."

शलाका खाटेजवळ वाकली. "वनिताताई, हात तुमचा आहे. तुम्ही सांगा."

वनिता तिच्याकडे बघतच राहिली. सकाळपासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काढा," ती हळूच म्हणाली. "सही कुठं करू?"

तिने डाव्या हातात पेन धरलं, पण कागद सारखा सरकत होता. नवरा पुढे आला आणि तिची सही होईपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.