सोसतेय का?

नव्या गोळीच्या चाचणीत आई सामील झाली, त्याला महिना झाला होता. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "सुसह्यता कशी आहे?"

आईने लेकीकडे पाहिलं. असले शब्द पेशंटना सोपे करून सांगणं ही लेकीची नोकरीच होती. तिचं डोकं फिरलं. साधं बोललं तर यांची पदवी काढून घेणार आहेत की काय!

"अगं, सोसतेय का, असं विचारतायत."

"सोसतेय की."

"उत्तम," म्हणून डॉक्टर लिहायला लागले, तशी लेक भडकली. "आई, रोज उलट्या होतायत, काल बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलीस, आणि म्हणे सोसतेय?"

"तू सोसतेय का विचारलंस," आई शांतपणे म्हणाली. "त्रास होतोय का, असं कुठे विचारलंस?"