चाचा, तार मिळेल का?

पुत्राची कीर्ती पित्याने लपवावी, हा अधर्मच. परंतु भिडेपोटी सज्जनांच्याही हातून तो घडतो. चौऱ्याहत्तर साली मिरजेत वाद्ये घडवणारे वृद्ध बाबालाल एका ख्यालगायक बुवांच्या तंबोऱ्याची घोडी कानशीने घासून, सूर घुमावा म्हणून जवारी काढीत होते. बुवांनी विचारले, “मुंबईत विजेची गिटार बडवून नाचणारा तो दस्तगीर, ज्याच्या तबकड्या कराडच्या हॉटेलांतही वाजतात, तो म्हणे तुमचा मुलगा?” जुने गिऱ्हाईक दुरावेल या भीतीने बाबालाल पुटपुटले, “न्हाई जी, आमच्यात तसलं कोण न्हाई.” मान वर केली, तो दारात मुलगाच उभा! ऐकलेले गिळून तो नम्रपणे म्हणाला, “चाचा, पोलादी तार मिळेल का?” तार घेऊन तो वळताच बाबालाल कळवळून ओरडले, “दस्तगीर, थांब रं! अम्मा वाट बघतीया. जेवल्याबिगर कुठं निघालास?” मुलाच्या नजरेला नजर त्यांना देववेना. ईश्वर उभयतांचे मंगल करो.