शेवटचा ९८वाला

सईची मेल वाचून यशचं धाबंच दणाणलं.

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तुझ्या गावी, नोव्हायला, मावशीकडे येतेय. टीममधले मागे लागलेत, विंडोज ९८चा सपोर्ट बंद कर म्हणून. ९८वर 'बोरू' वापरणारा तू एकटाच उरलायस. शनिवारी येऊन तुझं मशीन बघते, मग ठरवू."

'बोरू' म्हणजे मराठी टाइप करायचं फुकट सॉफ्टवेअर. ते लिहिणारी मंडळी सगळी हौशी आणि त्यांची म्होरकी जर्सी सिटीची सई. नियम साधा होता: जुन्या विंडोजवर एक जण जरी नवी आवृत्ती तपासून देत असला, तरी त्या विंडोजचा सपोर्ट चालू ठेवायचा. यश नेमाने तपासून मेल करायचा. सईची उत्तरं आधी दोन ओळींची असत, हल्ली पानंच्या पानं येत. त्यात सॉफ्टवेअर नावापुरतं.

अडचण एकच होती. यशचं ९८वालं मशीन केव्हाच मेलं होतं. पठ्ठ्या त्यापुढच्या विंडोज एक्सपीवर तपासायचा आणि बिनधास्त लिहायचा, "९८वर एकदम मस्त!" सपोर्ट गेला की मेलचं निमित्त गेलं. आणि निमित्ताशिवाय सईला लिहायची त्याची छाती नव्हती.

त्याने शेजारच्या मोहनकाकांना गाठलं. "काका, तुमचा जुना कॉम्प्युटर फेकला नाही ना?"

"गराजमध्ये पडलाय. पण त्यावर विंडोज ९८ आहे रे. काय करणारेस?"

"काका, तुम्ही देव आहात!"

शनिवारी सकाळी धूळ झटकून त्याने 'बोरू' इन्स्टॉल केला. उघडेना. पुन्हा केला. ढिम्म. एवढ्यात बेल वाजली.

दारात सई, हातात मावशीने दिलेला चकल्यांचा डबा. "कुठेय आपलं म्हातारं मशीन?"

फोटोपेक्षा ती फारच छान दिसत होती. यशला खोटं रेटवेना.

"सॉरी यार. उघडतच नाहीये. आणि हे मशीन काकांचं आहे. माझं वर्षापूर्वीच गेलं. मी एक्सपीवर टेस्ट करून तुला थापा मारत होतो."

सईने मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आरामात सोफ्यावर बसली.

"उघडेल कसा? ९८चा सपोर्ट मी गुढीपाडव्यालाच काढून टाकलाय."

"काय? मग मला सांगितलं का नाहीस?"

सईने डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"सांगितलं असतं, तर तुझी मेल आली असती?"