शेजाऱ्याचा जबाब

मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यावरून हवालदार उतरला, तेव्हा सूर्यभान ओट्यावर बसून दोरीला पीळ घालत होता. खाकी कपडे दिसताच त्याचा चेहरा आपोआप कोरा झाला. पोलिसानं काही विचारलं की आपल्याला काही ठाऊक नसतं, एवढं त्या वाडीत नुकत्या चालायला लागलेल्या पोरालाही कळत होतं.

हवालदार वैजनाथनं पिशवीतून टॅब काढला. "मोनिका अंगद ढवळे हितंच राहते का?"

मोनिका म्हणजे शेजारच्या अंगदाची पोरगी. अंगद आणि सविता दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, आणि टेम्पोत चढताना अंगदानं सूर्यभानाचे हात धरून सांगितलं होतं, तात्या, पोरीकडं ध्यान ठेवा. आता घरात एकटी तरणी पोर आणि दारात पोलीस. ध्यान ठेवायची वेळ ती हीच, याबद्दल सूर्यभानाला तिळमात्र शंका उरली नाही.

"त्या नावाचं हितं कुनी न्हाई, सायेब," तो म्हणाला.

वैजनाथला घाई होती. नवं ॲप आल्यापासून चौकशीला उशीर झाला की हवालदाराचं नाव साहेबांच्या पडद्यावर लाल व्हायचं. चौकशी खरी झाली की खोटी, याला मात्र कुठलाच रंग नव्हता. तरी त्यानं इमानानं आणखी एकदा विचारलं, हे शेजारचं घर मग कुणाचं? तसा सूर्यभानाला चेव आला. घर सदा बंद असतं, माणसं केव्हाच गाव सोडून गेली, पोरगी तर कुणी पाहिलेलीही नाही, असं एकेक तो रचत गेला. वैजनाथनं त्याचा फोटो काढला, अंगठा घेतला आणि सगळं वर पाठवून दिलं.

तेवढ्यात त्या सदा बंद घराचं दार उघडलं आणि पिठानं भरलेले हात झटकत मोनिका बाहेर आली. खाकी कपडे बघून तिचा चेहरा खुलला.

"पासपोर्टच्या चौकशीला आलात ना? कवापासनं वाट बघतेय मी."

सूर्यभानाच्या हातातली दोरी गळून पडली. मोनिकानं भराभरा सांगून टाकलं. तिला मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, आणि महिनाअखेर पासपोर्ट पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. तिथं गेल्यावर आईबापाला पुन्हा कोयता हातात धरू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पासपोर्ट हाती पडेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून तात्यालाही तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

वैजनाथनं टॅब तिच्यापुढं धरला. तिच्या नावापुढं 'पत्त्यावर राहत नाही' असं उमटलं होतं.

"अहो, पन मी तर तुमच्यापुढं उभी हाय."

"मला दिसतीस गं बाई," वैजनाथ म्हणाला. "ह्याला न्हाई दिसत."

मग चूक सुधारायची कुणी, असं तिनं विचारलं. वैजनाथ माणूस सरळ, खरं तेच बोलला. कागद होता तेव्हा खोडून शेजारी सही मारता यायची. आता ठाण्यातले म्हणतात ॲपवाल्यांना विचारा, ॲपवाल्यांचा फोन लागत नाही, आणि चुकून लागलाच तर ते म्हणतात ठाण्यात जा.

सूर्यभान हात जोडून पुढं आला. आपण धादांत खोटं बोललो, हवं तर मला आत टाका, पण पोरीचं नुकसान करू नका, अशी त्यानं काकुळतीला येऊन विनवणी केली. उभ्या जन्मात तो पहिल्यांदाच पोलिसाशी खरं बोलत होता, आणि वैजनाथ ते लिहायला टॅबात जागा शोधत होता. बऱ्याच वेळानं ती सापडली. जबाब एकदाच बदलता येत होता. फक्त बदलणारा माणूस तोच आहे, हे दुसऱ्या शेजाऱ्यानं त्याला ओळखून सांगायला हवं होतं. जिची चौकशी तिची साक्ष चालत नव्हती. मोनिका आधार कार्ड तरी आणून ठेवते म्हणत घरात पळाली.

नेमकी तेव्हाच रंगुबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गल्लीत शिरली. ही सूर्यभानाच्या पलीकडच्या घरातली म्हातारी. दोन्ही घरांचा घरोबा इतका की कुठली वाटी कुणाची हे आता कुणालाच सांगता येत नसे. सूर्यभानाच्या जिवात जीव आला. तो हाक मारणार तोच वैजनाथनं त्याला गप्प केलं. साक्षीदाराला शिकवायचं नाही, यात आवाजही नोंदला जातो.

"आजी, ह्या बाबांना ओळखता का तुमी?"

रंगुबाई थांबली. तिनं हवालदाराकडं पाहिलं, मग सूर्यभानाच्या जोडलेल्या हातांकडं. तो डोळे मोठे करकरून तिला जिवाच्या आकांतानं खुणावत होता. तिच्या सगळं लक्षात आलं.

"ह्यांना?" ती म्हणाली. "आजच बघतीया."

वैजनाथचं बोट टॅबवर टेकलं. रंगुबाई भारा सावरत सूर्यभानाच्या अगदी जवळून गेली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "माज्या मागल्या दाराला कडी न्हाई. जावा."